आयपी पत्त्यावरून ठिकाण: बेळगावचा माणूस बेंगळुरूत का दिसतो?

शहापूर_बेळगाव (धागाकर्ता)

सीमाभागातल्या जवळपास प्रत्येक ग्रुपवर तीन प्रश्न फिरून फिरून येतात. पहिला: 'मी टिळकवाडीत घरी बसलोय आणि बँकेचा मेल म्हणतो लॉगिन बेंगळुरूहून झालं. खातं हॅक झालं का?' दुसरा: 'हवामानाचं पान बेंगळुरूचा पाऊस दाखवतं, साइट आपोआप कन्नडमध्ये उघडते, हे कसं थांबवायचं?' तिसऱ्यासाठी मी हा धागा काढतोय: 'अमक्याचा आयपी मिळालाय, साइटवर टाकला तर निपाणी येतंय. म्हणजे हे काम निपाणीच्या त्या पोराचंच ना?'

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही. आयपीवरून ठिकाण सांगणाऱ्या साइटचा स्क्रीनशॉट हा कुणाविरुद्धही पुरावा होत नाही. एका गावच्या ग्रुपवर अशाच स्क्रीनशॉटवरून एका तरुण मुलाला चारचौघांत जाब विचारला गेला, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आयपी पत्त्यात गाव, तालुका, पिनकोड असं काहीही लिहिलेलं नसतं. इंटरनेटला जोडलेल्या उपकरणाला मिळणारा तो नुसता आकडा असतो. हे आकडे वरून खाली वाटले जातात. जगाचा साठा आयाना या यंत्रणेकडे, तिथून पाच विभागीय नोंदणी संस्थांकडे. आपल्या आशिया-पॅसिफिक भागासाठी एपनिक, तिचं कार्यालय ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला. भारतात निक्सी ही संस्था २००३ पासून आहे आणि तिच्याच छत्राखाली आयआरआयएनएन ही राष्ट्रीय नोंदणी चालते. तिथून किंवा थेट एपनिककडून इंटरनेट कंपन्या पत्त्यांचे गठ्ठे घेतात आणि ग्राहकांना वापरायला देतात.

'व्हूइज' नावाच्या सोयीने कोणताही पत्ता कोणत्या कंपनीच्या नावावर आहे ते कुणालाही बघता येतं. पण तिथे दिसणारा पोस्टाचा पत्ता कंपनीच्या कार्यालयाचा असतो. कंपनीचं कार्यालय मुंबईत असेल तर अथणीच्या ग्राहकाचा आयपीही व्हूइजमध्ये मुंबईच दाखवणार. बरेच जण इथेच फसतात.

मग त्या साइट गाव कुठून सांगतात? त्यांच्यामागे मॅक्समाइंड, आयपी२लोकेशन, आयपीइन्फो अशा कंपन्यांचे डेटाबेस असतात. नोंदणीची माहिती, इंटरनेट कंपन्यांनी स्वतः कळवलेली ठिकाणं, जगभरातल्या सर्व्हरवरून मोजलेला प्रतिसादाचा वेळ आणि मार्गातल्या राउटरांची नावं, एवढ्यावरून ते अंदाज बांधतात. देश बहुतेक वेळा बरोबर येतो. राज्यापर्यंत गेलं की डळमळतं. शहर हा अंदाजच समजायचा, आणि घर किंवा गल्ली त्यातून कधीच कळत नाही. मॅक्समाइंडच्या नोंदीत तर 'अचूकतेची त्रिज्या' असा किलोमीटरमधला वेगळा रकानाच असतो. फुकट साइट तो रकाना लपवतात आणि नकाशावर एक टाचणी टोचून दाखवतात. सगळा गोंधळ त्या टाचणीने घातलाय.

बेळगाव जिल्ह्यातून मोबाइल डेटा चालू केला की तो बहुधा कर्नाटक सर्कलच्या मोठ्या गेटवेतून, म्हणजे बेंगळुरूहून, बाहेर पडतो. बाहेरच्या जगाला दिसतो तो त्या गेटवेचा पत्ता. खानापूर, गोकाक, सौंदत्ती, रामदुर्ग, सगळे एकाच दारातून बाहेर येतात, म्हणून सगळे बेंगळुरूचे दिसतात.

बँकेचा मेल आला तर गावाचं नाव बघून घाबरू नका. आधी वेळ बघा: त्या वेळी तुम्ही स्वतः लॉगिन केलं होतं का? मग उपकरण बघा: तुमच्याच फोनचं नाव आहे का? आयपी दिला असेल तर कंपनी तुमचीच आहे का, तेही बघा. तिन्ही जुळत असतील तर बेंगळुरू दिसणं सर्वसाधारण आहे. वेळ किंवा उपकरण जुळत नसेल तर मात्र गाव बेळगाव दाखवलं तरी पासवर्ड बदला, सगळीकडून लॉगआउट करा आणि बँकेला कळवा.

---

अर्जुननगर_नाका

धागा अगदी वेळेवर आला. आमची गंमतच वेगळी. निपाणी बेळगाव जिल्ह्यात आणि लागूनच असलेलं अर्जुननगर कोल्हापूर जिल्ह्यात. माझं सिम कोल्हापुरात घेतलेलं, भावाचं निपाणीतलं. दोघं एकाच खोलीत बसून आयपी बघतो तर माझा पुणे आणि त्याचा बेंगळुरू. मग तो म्हणतो तुझा फोन बिघडलाय. हे सिमवर असतंय की टॉवरवर?

---

शहापूर_बेळगाव

दोन्हीवर असू शकतं, पण सिमचा हात मोठा. दूरसंचार खात्याने देशाचे २२ परवाना विभाग केलेत, त्यांनाच आपण सर्कल म्हणतो. महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवाही येतो, मुंबई वेगळी आणि कर्नाटक वेगळं. तुमचं सिम महाराष्ट्र सर्कलचं आहे. कर्नाटकातल्या टॉवरवर ते रोमिंगमध्ये असतं, तरी डेटा मूळ सर्कलच्या गेटवेकडे नेण्याची पद्धत आहे. तसं झालं की तुम्ही बेळगावच्या बसस्टँडवर उभे असलात तरी बाहेर पुणे किंवा मुंबई दिसणार. उलट बाजूनेही तेच. शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. तिथल्या कारखान्यात कामाला जाणाऱ्याचं सिम बेळगावचं असेल तर तो बेंगळुरूचा दिसू शकतो. फोन दोघांचेही ठणठणीत आहेत.

---

फायबर_खानापूर

मी सीमाभागातल्या एका छोट्या इंटरनेट पुरवठादाराकडे नेटवर्कचं काम बघतो. धागाकर्त्यांनी मोबाइलचं लिहिलं, मी घरच्या फायबरचं लिहितो, कारण तिथे आणखी एक भानगड आहे.

आयपीव्ही४, म्हणजे जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते, एकूण सुमारे ४२९ कोटी. आयानाचा साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला आणि एपनिक त्याच वर्षी एप्रिलमध्ये शेवटच्या गठ्ठ्यावर आलं. २०१९ पासून एपनिककडे नव्याने येणाऱ्या कंपनीला जास्तीत जास्त ५१२ पत्ते मिळतात. आता छोट्या पुरवठादाराकडे दोन-तीन हजार घरं असतील तर प्रत्येकाला स्वतंत्र पत्ता द्यायचा कुठून? म्हणून सीजीनॅट वापरतात. एका सार्वजनिक पत्त्यामागे कित्येक घरं बसवतात आणि कुणाचा डेटा कुठला हे पोर्टच्या आकड्यावरून (प्रत्येक जोडणीला पत्त्यासोबत मिळणारा उपक्रमांक) ओळखतात.

तुमच्याकडे सीजीनॅट आहे का ते घरीच तपासा. राउटरचं सेटिंग उघडून 'वॅन'चा, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा, पत्ता बघा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल तर सीजीनॅट आहे. हा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. काही पुरवठादार १० ने सुरू होणारे खासगी पत्तेही देतात. सोपी खूण अशी की राउटरमधला आकडा आणि 'माझा आयपी' दाखवणाऱ्या साइटवरचा आकडा वेगळे असतील तर मध्ये कुणीतरी पत्ता बदलतंय.

आता धागाकर्त्यांच्या तिसऱ्या प्रश्नाकडे या. निपाणीचा म्हणून जो पत्ता त्या ग्रुपवर फिरला, त्याच्यामागे त्या क्षणी शंभर घरं असू शकतात. त्यातल्या एका घरावर बोट ठेवायला नुसता आयपी पुरत नाही. अचूक वेळ हवी आणि पोर्ट हवा. सर्व्हर चालवणाऱ्यांनी पोर्टचीही नोंद ठेवावी अशी शिफारस आरएफसी ६३०२ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात २०११ सालीच केलेली आहे. कित्येक साइट आजही ती ठेवत नाहीत आणि मग तपास तिथेच अडतो.

---

मराठी_शाळा_येळ्ळूर

फार उपयोगी माहिती. वाचनखूण साठवली.

एक शंका. मुलांना संगणकाच्या तासाला पिंग, म्हणजे समोरच्या पत्त्याला हाक मारून उत्तराला किती वेळ लागतो ते मोजणं, शिकवतो. प्रतिसादाच्या वेळेवरून अंतर काढता येतं असं वाचलंय. मग समोरचा पत्ता बेळगावात आहे की बेंगळुरूत, हे पिंग करून ठरवता येईल का?

---

फायबर_खानापूर

सर, उत्तर अर्धं होय. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन १ मिलिसेकंद लागला तर समोरचा जास्तीत जास्त १०० किलोमीटरवर असू शकतो. यातून 'तो इतक्या अंतराच्या पलीकडे नाही' एवढं पक्कं सांगता येतं. 'तो तिथेच आहे' हे सांगता येत नाही, कारण उशीर वाकड्या मार्गानेही होतो, गर्दीनेही होतो आणि घरच्या वायफायमुळेही होतो.

मुलांना हे गणित घाला. बेळगावपासून मुंबई सरळ रेषेत सुमारे ४०० किलोमीटर आणि बेंगळुरू सुमारे ४६०. मुंबईच्या सर्व्हरवरून एका पत्त्याला पिंग केलं आणि २ मिलिसेकंदांत उत्तर आलं, तर डेटाबेस काहीही म्हणो, तो पत्ता बेळगावात असणं शक्य नाही, कारण नुसतं जाऊन-यायलाच किमान ४ लागतात. पण १२ मिलिसेकंद आले तर? बेळगाव असेल, पुणे असेल किंवा मुंबईतलंच एखादं संथ कनेक्शन असेल. आपल्या गावाची अडचण अशी की दोन्ही महानगरं जवळपास सारख्याच अंतरावर. मुंबई आणि बेंगळुरू दोन्हीकडून मोजलं तरी आकडे इतके जवळ येतात की त्यावरून निकाल देता येत नाही. पणजी, कोल्हापूर, हुबळी अशा जवळच्या ठिकाणांहून मोजता आलं तरच वर्तुळ लहान होतं.

आणि येळ्ळूरहून शहापूरला पाठवलेला डेटा सरळ शहापूरला जातो असंही नाही. दोघांच्या कंपन्या वेगळ्या असतील तर तो बेंगळुरू, मुंबई किंवा चेन्नईला जाऊन परत येऊ शकतो, कारण दोन कंपन्यांची जाळी जिथे जोडलेली असतात तिथेच देवाणघेवाण होते.

---

आयएक्सजी

ट्रेसराउट कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. विंडोजच्या काळ्या खिडकीत ट्रेसर्ट ही आज्ञा देऊन पुढे पत्ता टाका. वाटेतल्या राउटरांची यादी येते. राउटरांच्या नावांत पुष्कळदा विमानतळाचे कोड असतात: बीओएम म्हणजे मुंबई, बीएलआर म्हणजे बेंगळुरू, एमएए म्हणजे चेन्नई, पीएनक्यू म्हणजे पुणे. आपल्या बेळगावच्या सांबरा विमानतळाचा कोड आयएक्सजी. तो नावात दिसला तर डेटा बेळगावपर्यंत आल्याची चांगली खूण. न दिसला तर काहीच सिद्ध होत नाही, कारण नावं देणं प्रत्येक कंपनीच्या मर्जीवर असतं आणि काही नावं राउटर दुसऱ्या गावाला हलवल्यावरही तशीच राहतात.

---

वाशीम_ते_बेळगाव

टाचणीवरून कॅन्ससची गोष्ट सांगायलाच हवी. अमेरिकेतल्या ज्या पत्त्यांचं फक्त 'देश अमेरिका' एवढंच माहीत होतं, त्यांच्यासाठी मॅक्समाइंडच्या डेटाबेसात देशाच्या मध्याजवळचा एक ढोबळ बिंदू टाकला होता: ३८ उत्तर, ९७ पश्चिम. तो बिंदू कॅन्सस राज्यातल्या पॉटविन गावाजवळच्या एका शेतघरापाशी पडला. ६० कोटींहून अधिक आयपी पत्ते त्या एका घराकडे बोट दाखवू लागले. फसवले गेलेले लोक, पोलीस, केंद्रीय तपास अधिकारी, सगळे वर्षानुवर्षं त्या घरी येत राहिले. घरच्यांना कारणच कळेना. २०१६ मध्ये एका पत्रकार महिलेने हे शोधून छापलं, तेव्हा कंपनीने तो बिंदू उचलून एका जलाशयात नेऊन ठेवला.

भारताचे ढोबळ निर्देशांक म्हणून २० उत्तर, ७७ पूर्व ही जोडी बऱ्याच याद्यांत असते. नकाशावर ती आमच्या वाशीमजवळ येते. म्हणून कुणाला एखादा पत्ता वाशीमच्या शेतात दिसला तर कृपया वाशीमकरांवर संशय घेऊ नका. त्याचा अर्थ 'भारतात कुठेतरी' एवढाच.

---

हिंडलगा_वाचक

मी एरवी इथे फक्त वाचते. आज विचारते, कारण विषय घरातला आहे. माझ्या भाचीला एका खोट्या अकाउंटवरून घाण मेसेज येताहेत. मुलगा ओळखीतला असावा असं तिला वाटतं. एक जण म्हणाला एक लिंक पाठवतो, त्याने क्लिक केलं की आयपी मिळेल आणि मग घर शोधू. हे करावं का?

---

शहापूर_बेळगाव

ताई, करू नका. लिंकवर त्याने क्लिक केलं तरी जास्तीत जास्त मोबाइल कंपनीच्या गेटवेचा पत्ता मिळेल. साइट बेंगळुरू किंवा पुणे दाखवेल आणि तुमच्या हाती काहीच लागणार नाही. तो मात्र सावध होऊन अकाउंट पुसून टाकेल.

भाचीला आधी सांगा की काहीही डिलीट करू नकोस. प्रत्येक मेसेजचा स्क्रीनशॉट घ्या, तारीख आणि वेळ दिसेल असा. अकाउंटच्या नुसत्या नावाचा उपयोग नाही, नाव बदलता येतं. प्रोफाइलची पूर्ण लिंक जपून ठेवा. हे झाल्यावरच ब्लॉक करा. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते, महिला आणि मुलांसाठी तिथे वेगळा विभाग आहे. १९३० हा हेल्पलाइन क्रमांक मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी, तिथे जितक्या लवकर फोन तितकं बरं. प्रत्यक्ष जायचं तर कर्नाटकात सायबर गुन्ह्यांसाठी सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थ) पोलीस ठाणी आहेत, बेळगावातही आहे. मुलगा कोल्हापूर जिल्ह्यातला निघाला तर काय, ही काळजी सीमेवरच्या माणसाला हमखास असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. त्यामुळे 'ही आमची हद्द नाही' म्हणून परत पाठवलं तर हे कलम सांगा.

आयपीवरून माणसापर्यंत पोहोचायचा खरा रस्ता पोलिसांच्याच हातात आहे. ते आधी त्या समाजमाध्यमाकडून लॉगिनचे पत्ते आणि वेळा मागवतात. मग पत्ता ज्या इंटरनेट कंपनीचा, तिला विचारतात की या क्षणी हा पत्ता आणि हा पोर्ट कोणत्या ग्राहकाकडे होता. हे फक्त कंपनीच्या नोंदीत सापडतं, कोणत्याही साइटवर नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार या नोंदी १८० दिवस तरी ठेवाव्या लागतात. म्हणून तक्रारीला उशीर करू नका.

---

फायबर_खानापूर

ताई, एक जोडतो. वेळ सेकंदांसकट लिहा आणि ती भारतीय वेळ आहे असं तक्रारीत स्पष्ट नमूद करा. परदेशी कंपन्यांच्या नोंदी बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असतात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. सीजीनॅटमध्ये तोच पत्ता आणि तोच पोर्ट काही मिनिटांत दुसऱ्या घराकडे जातो. साडेपाच तासांची गफलत झाली तर एखाद्या निरपराध घराच्या दारात पोलीस उभे राहतील.

---

हिंडलगा_वाचक

दोघांचे मनापासून आभार. ती लिंक पाठवायची नाही असं सांगितलं. स्क्रीनशॉट आहेत, उद्या तिच्या आईबरोबर जाते.

---

कडोली_लिहितो

मला दुसऱ्या प्रश्नावर बोलायचंय, साइट कन्नडमध्ये का उघडते यावर. मी मराठी मजकुराची एक छोटी साइट चालवतो. ती बनवणाऱ्याने सुरुवातीला आयपीवरून राज्य ओळखून भाषा ठरवायची सोय घातली होती. माझे निम्मे वाचक बेळगाव, खानापूर, निपाणी, बिदर, कारवारकडचे. म्हणजे ज्यांच्यासाठी मराठीत लिहितो त्यांनाच पान कन्नडमध्ये दिसणार! मी ती सोय त्याच दिवशी काढायला लावली.

ब्राउझर प्रत्येक पानाच्या विनंतीबरोबर वापरणाऱ्याने निवडलेली भाषा कळवत असतो. साइटवाल्यांनी ती वाचावी, आणि वर कोपऱ्यात भाषा बदलायचं बटण द्यावं. कन्नड वाचणाऱ्याला कन्नड मिळावं, मराठी वाचणाऱ्याला मराठी, उर्दू वाचणाऱ्याला उर्दू. गेटवे कोणत्या शहरात आहे यावरून माणसाची भाषा ठरवणं हा सीमेवरच्या सगळ्यांवरच अन्याय आहे. चंदगडकडच्या कन्नड घरालाही तोच त्रास. साइट बनवणारं कुणी हे वाचत असेल तर हात जोडून सांगतो, एवढं करा.

वाचकांसाठी: फोनच्या आणि ब्राउझरच्या सेटिंगमध्ये भाषांच्या यादीत मराठी सगळ्यात वर ठेवा. चांगल्या साइट लगेच ऐकतात.

---

अर्जुननगर_नाका

+१. पण मग नकाशाचं ॲप घराचं दार दाखवतंय ते कसं? आयपीवरून गाव धड कळत नाही म्हणताय ना?

---

आयएक्सजी

ते आयपी वापरतच नाही. उपग्रहाचा जीपीएस, आसपासच्या वायफायची नावं आणि टॉवर यांवरून फोन स्वतःचं ठिकाण काढतो आणि तुम्ही परवानगी दिली तरच ॲपला देतो. हवामानाच्या पानाला ती परवानगी द्या किंवा गाव हाताने निवडून ठेवा, बेंगळुरूचा पाऊस थांबेल. व्हीपीएन (डेटा दुसरीकडच्या सर्व्हरमधून वळवणारी सोय) चालू असेल तर आयपी व्हीपीएनच्या सर्व्हरचा दिसतो, जीपीएस मात्र खरं ठिकाणच सांगतो. काही ॲप दोन्ही ताडून बघतात.

---

फायबर_खानापूर

घरच्या फायबरचं ठिकाण चुकीचं येत असेल तर दुरुस्ती करता येते, हे शेवटी लिहितो. ग्राहक म्हणून मॅक्समाइंड, आयपीइन्फो, आयपी२लोकेशन यांच्या साइटवर दुरुस्तीचा अर्ज भरता येतो. गूगलचाही वेगळा अर्ज आहे. पण पुरवठादाराने केलेलं जास्त टिकतं. ऑगस्ट २०२० च्या आरएफसी ८८०५ प्रमाणे पुरवठादार 'जिओफीड' नावाची एक साधी फाइल प्रसिद्ध करू शकतो. एका ओळीत पत्त्यांचा गठ्ठा, देश, राज्य, शहर. उदाहरणार्थ: २०३.०.११३.०/२४, आयएन, आयएन-केए, बेळगावी. प्रत्यक्ष फाइलीत पत्ते आणि देश-राज्याचे कोड रोमन अक्षर-आकड्यांतच हवेत, आणि शहराचं नाव नोव्हेंबर २०१४ पासूनचं अधिकृत लिहावं, नाहीतर काही डेटाबेस जुनं आणि नवं अशी दोन वेगळी गावं धरतात. फाइलीचा दुवा आपल्या नोंदणीतही टाकायचा, म्हणजे डेटाबेसवाल्यांना ती सापडते.

आमच्याकडे हे केल्यावर खानापूरकडचे ग्राहक हळूहळू बेळगावचे दिसू लागले. सगळे डेटाबेस एकाच वेळी बदलत नाहीत. तुमचा केबलवाला किंवा फायबरवाला स्थानिक असेल तर त्याला जिओफीडबद्दल जरूर विचारा. कित्येकांना ही सोय माहीत नसते, आणि पैसे लागत नाहीत. मोबाइलला मात्र याचा उपयोग नाही, तिथे गेटवेच लांब आहे.

---

मराठी_शाळा_येळ्ळूर

उद्याच्या तासाला ४०० आणि ४६० चं गणित घालतो. आणखी काही गावांचे आकडे मिळाले तर मुलांना तक्ता करायला देईन. अथणी, कागवाड, चिकोडी, संकेश्वर, बैलहोंगलकडच्या सभासदांनी आपला आयपी कोणतं शहर दाखवतो आणि कनेक्शन मोबाइल आहे की फायबर, एवढं इथे लिहावं.

---

शहापूर_बेळगाव

जरूर लिहा, पण पूर्ण पत्ता इथे टाकू नका. शेवटचा आकडा गाळून तिथे फुली मारा, आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा लांब पत्ता) असेल तर पहिले तीन गट पुरेत. माझा आजचा: शहापूर, मोबाइल, दाखवतो बेंगळुरू. घरचं फायबर: दाखवतो हुबळी.